उजव्या पायाची नाल

आमच्या घराच्या चौकटीवर एक नाल ठोकलेली आहे. ती कोणत्या घोडीची, कशी मिळाली, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे — कारण ते मीच सांगितलंय. जे मी सांगितलं नाही ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही. माझ्या आईला नाही. दरवर्षी आम्ही वज्रेश्वरीला जातो, तिथे डोळे मिटून उभी राहते तेव्हा देवीपाशीही मी याबद्दल तोंड उघडत नाही. तिला कळलेलं असणारच. पण मी होऊन सांगितलेलं नाही.

मग खाली गरम कुंडाच्या पायरीवर बसते. पाण्यात पाय सोडते. वाफ वर येत असते, माणसं बोलत असतात, आणि मला एक पाय आठवतो — माझा नव्हे. माझ्या मांडीवर टेकवलेला, जड, ओल्या पेंढ्याच्या वासाचा.

तुम्हाला म्हणून सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

बाबा टांगा चालवायचे. माझ्या लहानपणी भिवंडीत टांगे होते, आणि त्या टांग्यांच्या रांगेत आमचा टांगा सर्वांत ठेंगणा दिसायचा, कारण आमची घोडीच ठेंगणी होती. लोक तिला घोडी म्हणायलाही कचरायचे, तट्टू म्हणायचे. बाबांना ते लागायचं. पुढे रिक्षा आल्या, एकेक टांगेवाल्याने जनावर विकलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी कापडाच्या लूमवर ड्युटी धरली. बाबांनी टांग्याची चाकं विकली, साज विकला — घोडी विकली नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. घोडी तोवर पार म्हातारी झाली होती. डोळ्यांच्या वर खड्डे पडले होते, खालचा ओठ लोंबायचा आणि ती कायम काहीतरी आठवत असल्यासारखी उभी असायची.

तिचं नाव जांभूळ. लांबून काळी दिसायची, पण उन्हात उभी केली की तिच्या अंगावर जांभळट तांबूस झाक यायची. आमच्या टेमघरचे लोक तिला काळी घोडीच म्हणत. बाबा दर वेळी न चुकता दुरुस्त करत, "ती काली न्हाय. जांभली हाय." हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आमचं घर टेमघरला, पुढच्या अंगाला शेजाऱ्यांचे लूम, मागे आमचं अंगण आणि अंगणात जांभळीची शेड. लूमची खटखट दिवसभर चालायची आणि आम्हाला ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायची ती थांबल्यावर. त्या वर्षांत लाइट सारखी जायची. लाइट गेली की सगळे लूम एकदम गप्प व्हायचे, आणि मग एवढी शांतता पसरायची की जांभूळ पेंढा चावते तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मला ती वेळ फार आवडायची. सगळी भिवंडी थांबलीय आणि एक म्हातारी घोडी तेवढी चावतेय. झोपेत असल्यासारखं वाटायचं.

तिच्या पुढच्या उजव्या खुराला चीर होती. आपलं नख उभं तडकतं ना, तशी. खालच्या कडेपासून वर चढत गेलेली. ही चीर वर, पायाचे केस सुरू होतात तिथपर्यंत पोचली तर खूर दोन बाजूंना उघडत जातो आणि मग जनावर त्या पायावर उभं राहत नाही. आणि म्हातारं घोडं उभं राहिलं नाही की संपलंच. म्हणून त्या खुराला नाल हवीच होती. टांगा ओढायचा नव्हता, डांबरावर पळायचं नव्हतं, तरी हवी होती — दोन फाकणाऱ्या बाजूंना धरून ठेवायला. बाबांचं म्हातारपण म्हणजे ती चीर होती, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ते चीर बघायचे. बोटाने मोजायचे. "हाय तितकीच हाय," म्हणायचे, आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

खुराचं काम माझ्याकडे होतं. बाबांच्या गुडघ्यांना वाकणं जमेना तेव्हापासून. पाय उचलून मांडीवर घ्यायचा, आकडीने तळातली घाण काढायची. खुराच्या तळाशी मऊ त्रिकोणी गादी असते, तिच्या कडेच्या खाचांत पावसाळ्यात सड धरते, वास मारतो. कोमट मिठाच्या पाण्याने धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं, आणि कडुलिंबाच्या तेलात बुडवलेलं सूत खाचांत दाबून भरायचं. सूत कुठलं? लूमवरचं वेस्ट. पलीकडून मूठभर मागून आणायचं. कधी पांढरं, कधी रंगीत. कुठल्यातरी लग्नाच्या साडीसाठी आणलेलं गुलाबी सूत आमच्या घोडीच्या खुरात. हे करताना जांभूळ आपलं तोंड माझ्या पाठीवर ठेवायची. आख्खं. सगळा भार. माझ्या ब्लाउजवर तिच्या लाळेचा डाग कायम असायचा आणि आई ओरडायची.

मला ते काम आवडत होतं. हे सांगायला हवं. कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हिला त्या जनावराची माया नव्हती. होती. मग? — तेच तर मला अजून कळत नाही.

नाल ठोकायला गफूरचाचा यायचे. बाबांचे टांग्याच्या दिवसांपासूनचे दोस्त. मोपेडवर हत्यारांची पेटी बांधून यायचे, आणि ते गल्लीच्या तोंडाशी आले की इथे कळायचं, कारण ते तिथूनच बोलायला लागायचे. बढाई मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांनी कोणत्या नवाबाच्या घोड्याला नाल ठोकली होती, कोणता शर्यतीचा घोडा केवळ त्यांच्या खिळ्यांमुळे जिंकला होता — यातलं काही खरं नसणार, हे बाबांना माहीत होतं, चाचांना माहीत होतं, जांभळीलाही माहीत असेल. पण एक वाक्य ते दर वेळी म्हणायचे, आणि ते खरं होतं. शेवटचा खिळा वळवून, कानस मारून, पाय खाली ठेवत बाबांना म्हणायचे, "हमारी ठोकी नाल क़यामत को ही गिरेगी, दत्तू."

आणि त्यांचा एक जोडधंदा होता. काळ्या घोड्याची नाल दाराला लावतात, तुम्हाला माहीतच आहे. ती पायातून आपोआप पडलेली असावी लागते, उपटलेली चालत नाही. नवीन दुकान, नवीन शेड, नवीन घर — भिवंडीत तेव्हा रोज काहीतरी नवीन उभं राहत होतं, आणि प्रत्येकाला आपोआप पडलेली नाल हवी होती. एवढे काळे घोडे आणणार कुठून? चाचा आपल्या कामात काढलेल्या जुन्या नालांची एक पिशवी बाळगून असत. पांढऱ्या घोड्याची, लाल घोड्याची, वरातीतल्या घोडीची — सगळ्या "काले घोड़े की, ख़ुद गिरी हुई". बाबा यावरून त्यांना खूप चिडवायचे. आम्ही सगळेच हसायचो.

आता माझ्या लग्नाची गोष्ट येते. टाळत होते, पण आली.

माझं वय सरत चाललं होतं. बघायला येत, पोहे खात, जात. मग कोन गावचं स्थळ आलं. चांगली माणसं. रस्त्याकडेची जमीन गोदामाला दिलेली, नवं घर बांधायला काढलेलं. मुलगा शांत होता, मला आवडला — अगदी मनापासून आवडला, आणि तेच वाईट झालं. आधीच्या नकारांचं मला काही वाटलं नव्हतं. या वेळी वाटणार होतं. त्यांच्याकडून हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. बोलणी लोंबकळत राहिली होती. मी दिवसभर स्वप्नात असल्यासारखी वावरायची. भात करपायचा.

दुसऱ्यांदा ती मंडळी आली तेव्हा होणाऱ्या सासूबाई मागच्या अंगणात आल्या, जांभळीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुमचेकरं काली घोरी हाय, आइकलंतं मी. तिचे उजवे पायाची नाल कवा आपसूक परली तं ठेव गो आमचेसाठी. नवे घराचे दाराला." एवढंच. सहज बोलल्या. मला "ठेव गो" म्हणाल्या, आणि त्या "गो"मध्ये मला होकार ऐकू आला.

बाबा तिथेच होते. ती काळी नाही, जांभळी आहे, हे त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. मुलीचं लग्न होतं. ते गिळून गेले. बाबांनी ते वाक्य गिळलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

त्यानंतर मी त्या खुराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आधी बघायची ते चीर वाढली नाही ना म्हणून. आता बघायची ते नाल ढिली झाली का म्हणून. पाय मांडीवर घेतला की अंगठ्याने नाल हलवून बघायची. हलायची नाही. क़यामतपर्यंत कशी हलेल? त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचा दिवस जवळ येत होता. मी मनातल्या मनात म्हणायची, पड ना गं. एक नाल. काय जातं तुझं? आणि जांभूळ माझ्या पाठीवर तोंड ठेवून डोळे मिटायची.

मी चाचांना विचारलं होतं. तेवढं मी केलं होतं. ते मोठ्याने हसले आणि पिशवी पुढे केली. "ले जा बेटी, कोई भी उठा ले. कौन देखने आता है?"

मी घेतली नाही.

का घेतली नाही — हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण माझा सगळा गुन्हा इथे आहे. ती खोटी होती म्हणून घेतली नाही. कुठल्यातरी लाल घोड्याची नाल माझ्या संसाराच्या दारावर? अपशकुन झाला असता. मला वाटलं, चाचा किती बिनदिक्कत खोटं वागतात! मनातून मला त्यांची शिसारी आली. आणि ज्या दिवशी मी ते केलं त्या दिवशीही, मागच्या पायाची नाल काढता आली असती. मागचे खूर चांगले होते, जांभळीचं काही बिघडलं नसतं. कोण विचारणार होतं कुठल्या पायाची? पण त्यांनी उजव्या पायाची मागितली होती. उजवा म्हणजे पुढचा उजवा, असंच मी धरलं होतं. मागच्या पायाची दिली असती तर शकुन लागला नसता, असं मला वाटलं. माणसांशी खोटं बोलायची माझी तयारी होती. शकुनाशी नव्हती. आहे का याला काही अर्थ? तेव्हा होता. तेव्हा तो मला प्रामाणिकपणा वाटला होता.

दुपार होती. बाबा जेवून पडले होते, आई शेजारी गेली होती. लूम चालू होते. मी टांग्याच्या जुन्या हत्यारांतली पकड आणली, पदराखाली झाकून — कोणापासून, कोण जाणे. जांभूळ उभ्या उभ्या पेंगत होती. मी "पाय" म्हटलं आणि तिने पाय दिला. रोज देते तसा. सांगायचं एवढंच आहे खरं तर. तिने पाय दिला.

नाल कशी काढतात ते मी चाचांच्या शेजारी बसून अनेकदा पाहिलं होतं. खिळ्याची टोकं खुराच्या भिंतीतून बाहेर येऊन खाली वळवलेली असतात. ती आधी सरळ करायची, कापायची, मग नाल हळूहळू उचलायची. मला ते सगळं माहीत होतं. पण टोकं कापली तर कोणीतरी काढली हे दिसलं असतं. आपोआप पडल्यासारखी दिसायला हवी होती ना? म्हणून मी ती तशीच ठेवली आणि पकड नालेखाली घालून ओढायला लागले. लूमच्या खटखटीत कसलाच आवाज येत नव्हता. माझ्या आवळलेल्या दातांचाही नाही. जांभळीने मान वळवून बघितलं. पाय ओढून घेतला नाही. मी अंगाचा सगळा भार टाकला —

आणि लाइट गेली.

सगळे लूम थांबले. ती माझी आवडती शांतता पसरली, आणि त्या शांततेत जांभळीचा खूर फाटला. तो आवाज मी ऐकला. सुका बांबू चिरतात तसा. नाल माझ्या हातात आली, तिच्याबरोबर खुराच्या भिंतीचा एक तुकडा आला, आणि जिथून तो निघाला तिथून चीर वर, केसांपर्यंत गेली होती. रक्त आलं नाही. आलं असतं तर मी ओरडले असते, बाबा उठले असते, सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण रक्त आलंच नाही. उन्हाचा पट्टा शेडमध्ये पडला होता, त्यात सुताचे तंतू तरंगत होते, आणि घोडीने पाय हळूच खाली टेकवला, पुन्हा उचलला, आणि उचललेलाच ठेवला.

मी तिच्या मानेला धरून उभी राहिले. मग बाबांना हाक मारली. "बाबा, जांभलीची नाल परली." आनंदाने मारली. आनंदाने मारायला हवी होती म्हणून.

गल्लीत बातमी झाली. आपोआप नाल पडली म्हणजे भाग्यच. बायका नाल बघायला आल्या, हळदकुंकू लावून गेल्या. पुढे नाल होती, मागे घोडी तीन पायांवर उभी होती, आणि बाबा एकटे तिच्याजवळ खाली बसले होते. न वाकणारे गुडघे वाकवून.

चाचा दुसऱ्या दिवशी आले. गल्लीच्या तोंडापासून बोलत आले. पाय उचलला आणि बोलायचे थांबले. मग त्यांनी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये गिरी नहीं है, दत्तू. किसी ने खींची है."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. मी तिथे होते म्हणून. विचारलं, "बेबी, तू व्हतीस ना? कशी परली?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडायचं होतं, तेवढंच. बाबा चिडले असते, एखादी थोबाडीत बसली असती, लग्न कदाचित मोडलं असतं, कदाचित नसतंही. चाचांनी काहीतरी उपाय केला असता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मी बगितलं बाबा. चालता चालता मागचा पाय नालेवर परला, आनि निसटली."

असं होतं घोड्यांचं. मागचा पाय पुढच्या नालेवर पडून नाल ओढली जाते. हे मला कोणी शिकवलं होतं? चाचांनीच. त्यांच्याकडूनच शिकलेलं मी त्यांच्यावर फेकलं.

"अरे वो तो दौड़ते घोड़े का होता है!" चाचा ओरडले. "ये बुढ़िया दौड़ती कब है?"

बाबा म्हणाले, नाल घट्ट असती तर सुटली नसती. हात थकला तुझा, गफूर, कबूल कर. चाचा म्हणाले, हात नहीं थका. आणि मग बाबा जे बोलले ते मी जन्मभर ऐकत आले आहे. "चोराच्या उलट्या बोंबा! खोट्या नाला इकतस तू, आनि माजे पोरीला खोटी पारतस? माजी पोरगी खोटा बोलंल?"

चाचा माझ्याकडे वळले. ते मला मी चालायला लागले तेव्हापासून बेटी म्हणत. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील आणि मी कोसळेन, आणि बरं होईल. त्यांनी जांभळीचा पाय खाली ठेवला. सावकाश, आधी पुढची कड, मग टाच. हत्यारं गोळा केली. पेटी मोपेडला बांधली. ते गेले, आणि पुन्हा आमच्या गल्लीत आले नाहीत. बाबांनीही बोलावलं नाही.

माझं लग्न ठरलं. नाल दुधाने धुतली, लाल कपड्यात बांधून कोनला नेली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांत घेतली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी खूश झाले. लपवण्यात काय अर्थ आहे — मी खरोखर, पोटातून खूश झाले. हळदीच्या दिवशी सगळे नाचले. शेडमध्ये जांभूळ आडवी होती.

त्या खुरात आता खिळा मारायला जागाच उरली नव्हती. कल्याणहून दुसरा नालबंद आणला, त्याने बघून मान हलवली. मग डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. आत पू धरला, काढला, पुन्हा धरला. बाबांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक बूट शिवला. खूर धुवायचा, लूमचं सूत भरायचं, वर बूट चढवून दोरीने बांधायचा. मी सासरी गेले होते. वाकायला कोणी नव्हतं. बाबा जमिनीवर बसून करायचे. माहेरी गेले की मी म्हणायची, द्या मी करते. ते म्हणायचे, तू पाहुणी आता, बस. आणि मी बसायची, आणि बघायची. जांभूळ बाबांच्या पाठीवर तोंड ठेवून असायची. मला ती ओळखायची की नाही, माहीत नाही. माझ्याकडे पाय द्यायची नाही एवढं खरं. मी "पाय" म्हटलं तरी नाही.

एका थंडीत ती उठली नाही. मी गेले तेव्हा बाबा तो ट्यूबचा बूट हातात घेऊन शेडच्या दारात बसले होते. लाइट गेलेली होती, सगळं शांत होतं. ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "गफूर असता तं पाय वाचला असता."

त्यांनी भांडणानंतर एक हाक मारली असती तर चाचा आले असते. मी सांगितलं असतं तर बाबांनी हाक मारली असती. माझ्या जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगते. बाबांच्या दोन्ही गोष्टी गेल्या होत्या, घोडी आणि दोस्त, आणि त्यातली एक अजून परत आणता येण्यासारखी होती. मोपेडवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहत होती. मी म्हटलं, "चहा टाकू का बाबा?"

चाचांना मी नंतर एकदाच बघितलं. मी रिक्षात होते, कल्याण नाक्याला गाड्या अडकलेल्या. ते रस्त्याकडेला मोपेड ढकलत चालले होते, पेटी मागे बांधलेली. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि हात सवयीने वर गेला, आशीर्वादाला जातो तसा. मी दुसऱ्या बाजूला बघितलं. तिकडे एक ट्रक होता. मी त्या ट्रकच्या चाकाकडे बघत राहिले, गाड्या सुटेपर्यंत.

आता बाबा नाहीत. चाचाही नाहीत, असं कोणीतरी सांगितलं. ते दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

गेल्या दिवाळीत घर रंगवायला काढलं. रंगाऱ्याने नाल उतरवून माझ्या हातात दिली. इतकी वर्षं मी तिच्याखालून जा-ये करते, पण वर मान करून कधी बघितलं नव्हतं. आता हातात आली. जड होती. एका भोकात एक खिळा तसाच अडकलेला होता, टोक वळलेलं — लग्नाआधी मी सगळे ठोकून काढले होते, हा एकच निघाला नव्हता. आपोआप पडते त्या नालेचे खिळे झिजून मान मोडलेले असतात. वळलेल्या टोकाचा आख्खा खिळा फक्त ओढून काढलेल्या नालेत असतो. ज्याला कळतं त्याने एकदा वर बघितलं असतं तरी कळलं असतं. पण असा माणूस आमच्या दारात कधी आलाच नाही. येणार कसा?

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "बग गो, सांभालून. तिनंच घर राखलंय आपलं." त्यांचं खोटं नाही. गोदाम चाललं, मुलं झाली, कोणाला काही कमी पडलं नाही. शकुन लागला.

रंग सुकल्यावर नवरा हातोडी घेऊन स्टुलावर चढला. मी खालून नाल वर केली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "उजव्या पायाचीच ना गं ही?"

"हो," मी म्हटलं. "उजव्याच पायाची."

तो ठोकायला लागला. त्या नालेबद्दल मी या घरात बोललेलं तेवढं एकच खरं आहे.